जुना गेम बॉय की नवा इम्युलेशन हँडहेल्ड?

जुन्या गेमचा संग्रह करायचा, पण मूळ यंत्र (निन्टेन्डोचा गेम बॉय) आणि त्याची कार्ट्रिज (गेम साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या डब्या) घ्यायची की जुन्या यंत्रांची नक्कल (इम्युलेशन) करून शेकडो गेम चालवणारा एकच नवा हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं यंत्र), असा पेच असेल तर आधी स्क्रीन बघा. १९८९च्या गेम बॉयला बॅकलाइट (स्क्रीनमागचा प्रकाश) नाही. दिव्याखाली बसूनच खेळावं लागतं. नव्याचा स्क्रीन ६४०×४८० पिक्सेलचा असेल तर तो गेम बॉयचं १६०×१४४चं चित्र बरोबर तिप्पट करतो, म्हणून कडा स्वच्छ. गेम बॉय अॅडव्हान्सचं (गेम बॉयच्या नंतरच्या यंत्राचं) २४०×१६० मात्र त्यावर पूर्ण पटीत पसरत नाही. तेच मुख्यतः खेळणार असाल तर ७२०×४८०चा स्क्रीन शोधा.

टिकाऊपणात जुनं यंत्र दणकट, दुखणी ठरलेली: गळलेल्या सेलने गंजलेले संपर्क, स्क्रीनवर गायब उभ्या रेषा. खरी डोकेदुखी कार्ट्रिजची. अनेकांत सेव्ह (खेळाची जपलेली प्रगती) टिकवणारा नाणेसेल, म्हणजे नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो संपला की सेव्ह गेलं. बदलायचा तर ३.८ मिमीचा खास स्क्रू-बिट, सोल्डरिंग (धातू वितळवून जोडणं) आणि टॅब (जोडायच्या धातूच्या पट्ट्या) लावलेला सेल लागतो. त्यात नकली कार्ट्रिजचा सुळसुळाट, त्यामुळे आतल्या सर्किट बोर्डचा फोटो पाहिल्याशिवाय घेऊ नका.

नव्यात पहिला दगा देतं ते सोबत आलेलं मेमरी कार्ड. पहिल्याच दिवशी त्याची प्रत चांगल्या कार्डवर घ्या. ‘हजारो गेम’ची जाहिरात विसरा, बहुतेक विनापरवाना प्रती असतात, अनेक पुन्हा त्याच.

खर्च? जुन्यात प्रत्येक गेमगणिक वाढतो, पण अस्सल माल पुन्हा विकताही येतो.

फक्त खेळायचंय, प्रवासात वापरायचंय, तर नवा घ्या. मूळ वस्तू जपायची आणि सोल्डरिंगचा कंटाळा नसेल तर जुना. मात्र दहा आवडत्या कार्ट्रिजवर थांबा.