हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं मशीन, अकरा महिने वापरल्यावर : बाकी सगळं ठीक, पण ते ए बटण

एक स्टार. आणि तोही स्क्रीनसाठी.

स्पेक्स सांगत बसत नाही, घेणाऱ्याला ते घ्यायच्या आधीच तोंडपाठ असतात. बॅटरी मोठ्या गेमवर दीड-दोन तास, फॅनचा आवाज आमच्या कूलरपुढे ऐकूच येत नाही, आणि मे महिन्यात चार्जरला लावून खेळलात तर तळहात शेकून निघतात, नागपुरात ४५ डिग्रीला दुसरं काय होणार. झालं. आता बटणावर येतो.

फेब्रुवारीत घेतलं. मार्च, एप्रिल, मे, जून एकदम मस्त. जुलैत पहिला दणदणीत पाऊस झाला आणि त्याच आठवड्यात ए बटण अडकायला लागलं. अडकायला म्हणजे दाबलं की खाली जाते पण वर येताना विचार करते. बोट उचललं तरी अर्धा सेकंद खालीच. तुम्ही म्हणाल अर्ध्या सेकंदानं काय होते? भाऊ, मी फुटबॉल खेळतो. त्यात पासचं बटण म्हणजे हेच ए, ते जितका वेळ दाबून धराल तितका पास लांब जाते. मी शेजारच्या प्लेयरला हळूच बॉल द्यायला जातो आणि बॉल थेट समोरच्या गोलकीपरच्या हातात. सलग ११ मॅच हरलो मी, त्यातल्या ४ त्या सगळ्यात खालच्या लेव्हलच्या टीमसोबत. ब्राउजरमध्ये बटण टेस्ट करायचं पान उघडून पाहिलं तर तिथेही दिसते, बोट काढलं तरी ए चा गोल पेटलेलाच.

आता यांचं सर्विस सेंटर नागपुरात नाही, इथल्या सदर भागात फक्त एक कलेक्शन काउंटर आहे, तिथे वस्तू द्यायची, ते बाहेरगावी पाठवतात. मी गेलो त्या दिवशी नरेंद्र नगरच्या पुलाखाली पाणी भरलेलं, लांबून फिरून गेलो, रेनकोटच्या आत दोन पिशव्यांमध्ये मशीन गुंडाळून. १९ दिवसांनी परत आलं. सोबत कागद, त्यावर लिहिलेलं : नो फॉल्ट फाउंड. आणि बोनस म्हणून सगळं फॉरमॅट करून दिलेलं, म्हणजे बटण जसंच्या तसं आणि माझे सहा महिन्यांचे सेव्ह केलेले गेम साफ.

मी काउंटरवर तिथल्या तिथे चालू करून दाखवलं, तर काय सांगू, बटण एकदम टकाटक. पोरगा माझ्याकडे पाहून हसला. घरी आणलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पुन्हा तेच. मी वेडा झालोय की काय असं वाटायला लागलं.

सप्टेंबरात परत गेलो. यावेळी तो पोरगा म्हणाला, सर, आता पाठवलं तर सेंटरवाले खोलतील, आतमध्ये लिक्विडचं काही दिसलं तर वॉरंटी संपली, मग एस्टिमेट येईल, चार-साडेचार हजार धरून चाला. म्हटलं काहून? मागच्या वेळी फॉल्टच नव्हता ना, मग आता लिक्विड कुठून आलं? या मशीनवर पाण्याचा थेंब पडलेला नाही, आईशप्पथ. मीच खोलून पाहतो म्हटलं तर तो म्हणे खोललं की वॉरंटी गेली. मी त्याला सांगितलं की अमेरिकेत २०१८ मध्ये तिथल्या सरकारी ट्रेड कमिशननं ६ कंपन्यांना नोटिसा धाडल्या होत्या, स्टिकर काढला म्हणून वॉरंटी रद्द असं नाही म्हणता येत तिथे. तर तो शांतपणे, सर, हे सदर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशीन उचललं, बाहेर येऊन तर्री पोहे खाल्ले, घरी आलो.

असल्या कंपनीची वस्तू घेऊ नका.

इथपर्यंतचं सप्टेंबरात लिहून ठेवलेलं, रागारागात, आणि टाकायचं राहून गेलं. बरं झालं राहिलं. आता जानेवारी संपत आलाय, वॉरंटीचे मोजून १८ दिवस उरलेत, पुढचं लिहितो. वरचं मुद्दाम तसंच ठेवलंय, त्यातली ती आईशप्पथ जरा लक्षात ठेवा.

त्या रात्री मी कंपनीला मेल टाकला. शिव्या नाही, दोन सरळ प्रश्न. मी स्वतः खोलून बटण साफ केलं तर वॉरंटी जाईल का, हो किंवा नाही लेखी सांगा. आणि खाली एक ओळ, की आपल्याकडे पण ग्राहक खात्याचं राइट टू रिपेअर पोर्टल २०२२ च्या डिसेंबरपासून सुरू आहे आणि १९१५ हेल्पलाइनला फोन लावायला पैसे लागत नाहीत. धमकी नव्हती, पण होती पण. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि मान्य करतो, चांगलं आलं : नुसतं खोलल्यामुळे वॉरंटी रद्द होत नाही, पण खोलताना तुमच्या हातून काही तुटलं तर ते आम्ही भरून देणार नाही. म्हणजे काउंटरवर एक आणि मेलवर एक. हे उत्तर मी प्रिंट काढून बिलाला स्टेपल केलंय. तुम्हीही खोलायच्या आधी हे लेखी घ्याच, तोंडी बोलण्याला काही किंमत नसते.

स्क्रूड्रायव्हरचा सेट २४९ ला, ऑनलाइन. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोबाइल रिपेअरचं सामान विकणाऱ्याकडून १५० रुपये. सगळे व्हिडिओवाले तेच सांगतात, आयपीए लावा आयपीए लावा. सॅनिटायझर चालेल का असं मी त्या दुकानदाराला विचारलं तर म्हणे त्यात ग्लिसरीन असते, अजून चिकटेल. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नाही, ॲसिटोननं प्लास्टिक विरघळते. ही अक्कल तो फुकट देऊन राहिला होता म्हणून बाटली त्याच्याकडूनच घेतली, नाहीतर ऑनलाइन २० रुपये स्वस्त होती.

रविवारी सकाळी डायनिंग टेबलवर जुनी चादर टाकून बसलो. मशीन पूर्ण शटडाउन, नुसतं स्लीप नाही. एसडी कार्ड आधी बाहेर, कारण बऱ्याच हँडहेल्डमध्ये कार्ड अर्धं मागच्या कव्हरमध्ये अडकलेलं असते आणि कव्हर उचललं की कार्डाचे दोन तुकडे. मागचे स्क्रू दोन लांबीचे निघाले. यात लोक मार खातात, लांब स्क्रू आखूडच्या भोकात पिळला की तो समोरून डोकं काढते किंवा आतलं काही फोडते. मी स्वयंपाकघरातून अप्पेपात्र आणलं आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागच्या खळग्यात ठेवला. यावर बायकोचं म्हणणं मी इथे लिहीत नाही. पण बाप्पा, स्क्रू ठेवायला यापेक्षा चांगली वस्तू जगात नाही, सेटसोबत आलेली चुंबकाची चटई मी गुंडाळून ठेवून दिली.

कव्हर एका जुन्या एटीएम कार्डानं सुटलं. क्लिपांचा कडकड असा आवाज येते तेव्हा छाती धडधडते, पण तो तसाच येते. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, वायर ओढून नाही, टोक धरून. मग बटणांचा छोटा बोर्ड, तीन स्क्रू आणि एक पट्टीची केबल, तिची बारीकशी खिट्टी नखानं उचलली की केबल आपोआप मोकळी होते. बोर्डाखाली रबराचा पडदा, त्याला प्रत्येक बटणामागे एक फुगवटा, फुगवट्याच्या आत काळी कार्बनची टिकली, ती बोर्डावरच्या कंगव्यासारख्या रेघांना टेकली की बटण दाबलं गेलं असं मशीन समजते. बस एवढंच. पन्नास हजारांच्या वर घालून घेतलेल्या वस्तूतलं बटण आतून टीव्हीच्या रिमोटसारखं आहे.

ए बटण काढून उलटं केलं. त्याच्या कडेला, खालच्या बाजूला, पूर्ण गोल पिवळीकेशरी रिंग. वाळलेली.

मी गप्प. बायको चहा ठेवायला आली होती, वाकून पाहिलं आणि म्हणाली, हा तर रस आहे.

आंब्याचा रस. मी लगेच म्हटलं भाच्याचं काम असेल. ती म्हणे, तो राखीला आला होता, तुझं बटण जुलैपासून बोंबलून राहिलं होतं. नवतप्यात, मे अखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, कूलरसमोर मांडीवर रसाची वाटी घेऊन कोण बसलं होतं रोज रात्री?

तर आईशप्पथ मागे घेतो. पाण्याचा थेंब पडला नव्हता एवढं मात्र खरं आहे.

आणि मग एकदम सगळं उलगडलं, की मे-जूनमध्ये काही झालं नाही आणि जुलैत का सुरू झालं. नागपूरच्या मेमधली हवा म्हणजे पापड वाळवायची हवा, त्यात रस वाळून कडक झाला, बटण आरामात चालत राहिलं. आंब्यातल्या साखरेत फ्रुक्टोज असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, तो थर पुन्हा पाघळला आणि गोंद झाला. आता ते सर्विस सेंटर नक्कीच एसीमध्ये असणार, एसीची हवा कोरडी, तिथे १९ दिवस पडून राहिल्यावर बटण टकाटक. काउंटरवर पण एसी. नो फॉल्ट फाउंड! बिचाऱ्यांना खरंच दिसला नसेल. मी दोन महिने त्यांना खोटारडे म्हणत होतो. पण मग कागदावर माझी तक्रार लिहिलेली होती की हे पावसाळ्यातच होते, ती तर वाचायची ना, आणि खोलून तर पाहायचं ना. रिंग जशीच्या तशी होती म्हणजे कोणी खोललंच नव्हतं. अर्धी माफी.

आता आयपीएची गंमत. इअरबड बुडवून घासलं, घासलं, रिंग हलेना. दुसरा इअरबड, तिसरा. नुसती चकचकीत झाली. आई आतून म्हणाली, काय घासून राहिला रे मघापासनं? सांगितलं. तर म्हणे साखरच आहे ना ती, कोमट पाण्यात टाक की, रसाची वाटी काय दारूनं धुतो का आपण? वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यात नुसतं प्लास्टिकचं बटण टाकलं, मिनिटाभरात रिंग गायब. साखर अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही जवळपास, पाण्यात विरघळते. शाळेत शिकलेलं. एवढे व्हिडिओ पाहिले मी, एकानं नाही सांगितलं. १५० रुपये! भैताडासारखे! अर्थात बोर्डाला पाणी लावायचं नाही, तिथे आयपीएच. बटणाच्या भोकाची कड मी पिळून काढलेल्या ओल्या इअरबडनं पुसली आणि त्यावरून आयपीए फिरवलं म्हणजे ओल उडून जाईल. रबराचा पडदा पण पाण्यानं धुतला, काळ्या टिकल्या न घासता, आणि रात्रभर पंख्याखाली ठेवला. १५० पैकी ५ रुपयांचं वापरलं असेल.

हे करता करता बी बटण पण काढलं होतं, आणि त्याच्या कडेला साच्याच्या जोडावर प्लास्टिकची एक बारीक कुसळ. बी पण कधीकधी किरकिर करायचं, मला वाटायचं ए च्या संगतीनं. हा मात्र माझा रस नाही, ही कंपनीची चूक. ब्लेडनं उडवणार होतो, हात तिथपर्यंत गेला होता, मग म्हटलं थांब, वॉरंटी आहे ना. फोटो काढून त्याच मेलवर पाठवले. रसाचा फोटो नाही पाठवला.

आठव्या दिवशी कुरिअर. चार बटणांचा पूर्ण सेट, फुकट, मशीन परत मागवलं नाही, प्रश्न विचारले नाहीत. इथे मला खरंच गहिवरून आलं थोडंसं. फक्त माझं मशीन काळं आणि सेट पांढरा. लिहून विचारलं तर काळा स्टॉकमध्ये नाही. चारही बदलले तर सारखे दिसले असते, पण तीन चांगली बटणं काढून ठेवायची कशाला, म्हणून एकटा बी बदलला, तीन पांढरी स्पेअरमध्ये. तेव्हापासून मला स्क्रीनवर काय चाललंय ते कमी आणि तो पांढरा बी जास्त दिसते. दातात तीळ अडकल्यावर जीभ जशी तिथेच जाते तसं.

जोडताना एकदा फजिती झाली. सगळं बंद करून चालू केलं तर उजवीकडची चारही बटणं मेलेली. घाम फुटला, मेलमधलं ते वाक्य आठवलं, तुमच्या हातून तुटलं तर. पुन्हा अप्पेपात्र, पुन्हा आठ स्क्रू. पट्टीची केबल एका बाजूनं केसभर तिरकी बसली होती. सरळ बसवली, खिट्टी दाबली, चालू.

तर हिशेब : ३९९ रुपये, अधिक सदरचे फेरे, विरुद्ध साडेचार हजारांचं एस्टिमेट. मशीनला चार स्टार. मेलवर उत्तर देणाऱ्या टीमला पाच, काउंटरला दोन, पोरगा वाईट नव्हता, त्याला फॉर्म भरायला शिकवलंय तो फॉर्म भरतो. मला स्वतःला किती ते बायकोला विचारा.

दिवाळीत भाचा आला. हातात घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न, मामा, हे एकच बटण काहून पांढरं? लिमिटेड एडिशन म्हटलं. त्याला पटलं. मग तो चकली खाता खाता खेळायला बसला आणि मी काही बोललो नाही. तेल आयपीएनं निघते, आणि बाटली अजून जवळपास भरलेलीच आहे.