आधी डिझाइन थिंकिंग की आधी उद्योजकता? सर्जनशील शाखांच्या अभ्यासक्रमासाठी एक तुलना

सर्जनशील उद्योगांसाठी विद्यार्थी घडवणाऱ्या संस्थेपुढे हा प्रश्न तत्त्वचर्चेच्या रूपात क्वचितच येतो. तो येतो वेळापत्रकाच्या रूपात. एका सत्रात चाळीस-पंचेचाळीस तास मोकळे होतात आणि त्या तासांवर दोन प्रस्ताव हक्क सांगतात. एक म्हणतो, डिझाइन थिंकिंग शिकवा, म्हणजे विद्यार्थी लोकांची गरज ओळखू लागतील. दुसरा म्हणतो, उद्योजकता शिकवा, म्हणजे पदवीनंतर त्यांना आपल्या कामावर जगता येईल. अखेरीस कोणीतरी दोन्ही एकत्र करण्याचे सुचवते, सगळे माना डोलावतात, आणि तास निम्मे-निम्मे वाटून असा अभ्यासक्रम तयार होतो की ज्यात एकही गोष्ट धड होत नाही. मी हे दोन्ही विषय स्वतंत्रपणे आणि एकत्रही शिकवले आहेत; ही तुलना त्या बैठकीला जाण्यापूर्वी वाचण्यासाठी आहे. माझा कल आधीच सांगून टाकतो: एकच विषय निवडायचा असेल तर मी उद्योजकता निवडेन, पण ती ‘बाजारात कोणती पोकळी आहे’ या प्रश्नापासून सुरू न होता ‘माझ्या हातात काय आहे’ या प्रश्नापासून सुरू होणारी असावी.

सुरुवात कोठून होते

हे दोन विषय परस्परांना परके नाहीत. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये ‘कृत्रिम गोष्टींच्या शास्त्रा’वर लिहिताना डिझाइन म्हणजे आहे ती परिस्थिती हवी तशी करण्याचा विचार, अशी मांडणी केली, आणि डिझाइन थिंकिंगची वंशावळ सांगणारे बहुतेक जण तिथवर मागे जातात. पुढे याच सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली सरस सरस्वती या संशोधिकेने अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये ‘इफेक्च्युएशन’, म्हणजे हातातल्या साधनांपासून सुरुवात करण्याची कल्पना मांडली.

तरीही वर्गात पहिल्या तासाला विचारला जाणारा प्रश्न दोन्हीकडे वेगळा असतो. डिझाइन थिंकिंग दुसऱ्याच्या अडचणीपासून सुरू होते: माणसाला समजून घ्या, प्रश्न नेमका करा, कल्पना सुचवा, नमुना बनवा, तपासा. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००४ मध्ये मांडलेल्या ‘डबल डायमंड’ या आकृतीतही पहिला अर्धा भाग प्रश्न शोधण्याचा आणि दुसरा उत्तर शोधण्याचा आहे. स्टार्टअपच्या वळणाची उद्योजकता अंदाजापासून सुरू होते: अमुक ग्राहकाला अमुक हवे आहे असे गृहीत धरा आणि बाहेर पडून ते पडताळा. इफेक्च्युएशनचा आरंभबिंदू मात्र स्वतः करणारा माणूस आहे: मी कोण, मला काय येते, मी कोणाला ओळखतो, आणि किती गमावणे मला परवडेल.

सर्जनशील शाखांमध्ये हा फरक निर्णायक ठरतो, कारण येथे तयार होणाऱ्या अनेक गोष्टी कोणाचीही अडचण सोडवत नाहीत. एखादे गाणे ऐकण्याआधी कोणालाच त्याची गरज नसते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड केव्ह्ज यांनी २००० मध्ये सर्जनशील उद्योगांचे जे गुणधर्म सांगितले, त्यांतला पहिलाच असा की कलाकृतीला प्रतिसाद कसा मिळेल हे आधी कोणालाच कळत नाही. मग पंचवीस श्रोत्यांच्या मुलाखती घेऊन संगीताच्या विद्यार्थ्याला काय मिळणार? त्यांना काल काय आवडले, एवढेच कळेल. ॲप, फर्निचर किंवा संग्रहालयातील मार्गदर्शक फलक करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्याच पंचवीस मुलाखती सोन्यासारख्या आहेत. ब्रिटनच्या सरकारने १९९८ मध्ये सर्जनशील उद्योगांची यादी केली तेव्हा तिच्या तेरा क्षेत्रांत वास्तुरचना, जाहिरात, संगणक-प्रणाली, हस्तकला आणि रंगमंचीय कला शेजारीशेजारी बसल्या. धोरण आखण्यासाठी ती यादी सोयीची असेल. तिच्यावरून एकच अभ्यासक्रम बेतणे हे सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे.

एका वहीची गोष्ट

दोन्ही पद्धतींचे बळ आणि उणेपण मला एकाच विद्यार्थिनीच्या कामात दिसले. ती हाताने वह्या बांधत असे. डिझाइन थिंकिंगच्या भागात तिने पहिल्या फेरीत लोकांना विचारले, “अशी हाताने बांधलेली वही तुम्हाला आवडेल का?” चौदा जणांना विचारले आणि चौदाही जण हो म्हणाले. असे उत्तर काहीच सांगत नाही, हे तिच्या लक्षात यायला आठवडा गेला. दुसऱ्या फेरीत तिने प्रश्न बदलला: “मागची चांगली वही तुम्ही कधी घेतलीत? ती आता कुठे आहे? बघू का?” तेव्हा कपाटांतून कोऱ्या वह्या बाहेर आल्या. लोकांनी त्या हौसेने घेतल्या होत्या, पण पहिले पान खराब होईल या धास्तीने त्यांवर एक अक्षरही लिहिले नव्हते. तिने पुढच्या नमुन्यात पहिली चार पाने मुद्दाम खरडलेली, शाईचे डाग पडलेली छापली, आणि वही हातात घेतलेली माणसे लगेच पेन शोधू लागली. डिझाइन थिंकिंग उत्तम शिकवले तर काय होते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

पण अभ्यासक्रम तिथेच संपला असता तर तिचा व्यवसाय उभा राहिला नसता. उद्योजकतेच्या भागात मी तिला घड्याळ लावून एक वही बांधायला सांगितले. कागद दुमडणे, भोके पाडणे, शिवणे, पुठ्ठ्यावर कापड चढवणे, दाबाखाली ठेवणे: हाताचे काम तीन तासांचे निघाले. त्या तीन तासांची मजुरी, साहित्य आणि विक्रेत्याचा वाटा धरला, तेव्हा जी किंमत आली ती कोणीही लिहिण्याच्या वहीसाठी मोजली नसती. लोकांना वही खरोखर आवडत होती आणि तरीही तिच्यावर पोट भरत नव्हते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पहिल्या भागाने तिला सांगितले नव्हते. मग तिने ओळखीच्या माणसांची यादी केली. तीत एक छोटा प्रकाशक होता. त्याला एका पुस्तकाच्या विशेष आवृत्तीच्या पन्नास प्रती हाताने बांधून हव्या होत्या, आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यायला तो तयार होता. ग्राहक बदलला, कौशल्य तेच राहिले. हे उत्तर कोणत्याही बाजार-पाहणीतून निघाले नसते. ते यादीतून निघाले.

डिझाइनच्या विद्यार्थ्याला डिझाइन थिंकिंग कशाला?

हा प्रश्न उद्धट वाटेल, पण बैठकीत तो विचारायला हवा. पाच पायऱ्यांची ही पद्धत ज्या स्वरूपात लोकप्रिय झाली, ते स्वरूप मुख्यतः डिझाइनर नसलेल्यांसाठी, म्हणजे व्यवस्थापक, अभियंते, अधिकारी यांच्यासाठी घडले. स्टुडिओत तीन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याला ‘नमुना बनवून पाहा’ असे सांगणे म्हणजे सुताराला करवत म्हणजे काय ते समजावण्यासारखे होते, आणि तो तिसऱ्या तासाला कंटाळतो. शिवाय स्टुडिओतली सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे भिंतीवर लावलेल्या कामाची सर्वांसमक्ष होणारी परखड चिकित्सा, या पाच पायऱ्यांत कुठेच नाही. नताशा जेन या डिझाइनर बाईंनी २०१७ मधील एका गाजलेल्या भाषणात याच मुद्द्यावर या पद्धतीला धारेवर धरले होते. अशा विद्यार्थ्यांना पूर्ण सत्र देऊ नये. निरीक्षण आणि मुलाखत एवढेच दोन आठवडे नीट शिकवावे, कारण स्टुडिओत नेमकी तीच बाजू लंगडी राहते.

अभिनय, लेखन, छायाचित्रण किंवा चित्रपटनिर्मिती शिकणाऱ्यांचे चित्र उलटे आहे. त्यांना तालीम आणि मसुदे ठाऊक असतात, पण प्रेक्षक तिकीट काढण्यापूर्वी आणि प्रयोग संपल्यानंतर काय काय करतो याकडे त्यांनी सहसा पाहिलेले नसते. त्यांच्यासाठी डिझाइन थिंकिंग कलाकृतीला लावू नये. तिच्या भोवतालच्या व्यवस्थेला, म्हणजे जाहिरात, जागा, वेळ, पोहोच यांना लावावे. ही मर्यादा पहिल्याच दिवशी बोलून दाखवली तर ‘आम्ही लोकांच्या मागणीप्रमाणे लिहायचे का’ हा रास्त संताप उद्भवत नाही.

उद्योजकतेचा कोणता प्रकार

उद्योजकतेच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी जे शिकवले जाते, ते या विद्यार्थ्यांच्या फारसे कामाचे नसते. पाच वर्षांचे उत्पन्नाचे अंदाज, गुंतवणूकदारांपुढे सादरीकरण, धंद्याचा आराखडा नऊ चौकटींत मांडणारा बिझनेस मॉडेल कॅनव्हास एका दुपारी भरून टाकणे: यांतला कॅनव्हास निदान संभाषणाला उपयोगी पडतो, बाकीचे नाटक असते. चित्रकार, संकलक किंवा वेशभूषाकार कंपनी उभारून भांडवल मागत नाहीत. ते एकेका कामासाठी करार करतात. म्हणून माझ्या मते या विषयाचा गाभा तीन कागदांत आहे: दरपत्रक, करार आणि हक्कांचे कलम.

यासाठी मी एक सराव दरवर्षी घेतो. एकच चित्र, तीन मागण्या. पहिल्या ग्राहकाला ते एका कार्यक्रमाच्या भित्तिपत्रकासाठी महिनाभर हवे आहे, दुसऱ्याला वेष्टनावर तीन वर्षे, आणि तिसऱ्याला सर्व हक्कांसह कायमचे. पहिल्या वर्षी बहुतेकांनी तिन्ही दरपत्रकांत एकच आकडा लिहिला होता, कारण त्यांनी चित्र काढायला लागलेला वेळ मोजला होता, वापर मोजलाच नव्हता. १८८६ च्या बर्न कराराच्या चौकटीत स्वामित्वहक्क कृती घडताच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते; पण बेसावधपणे सही केलेल्या एका ओळीने तो निघूनही जाऊ शकतो, हे त्या तासाला उमगते. हा सराव डिझाइन थिंकिंगच्या कोणत्याही कार्यशाळेत मी पाहिलेला नाही.

कलाशिक्षणाला पैशाचा विटाळ असावा असा आग्रह धरणाऱ्या सहकाऱ्यांना एक आठवण द्यावी: जर्मनीतील बाउहाउस या कला-डिझाइन शाळेने १९२५ मध्ये आपल्या कार्यशाळांतील वस्तू विकण्यासाठी स्वतःची मर्यादित कंपनी काढली होती.

वेळ, आणि गुण कशाला द्यायचे

वेळेच्या बाबतीत डिझाइन थिंकिंग सवंग पडते, चांगल्या अर्थाने. दोन दिवसांची कार्यशाळाही काही तरी देऊन जाते. स्पॅगेटीच्या वीस कच्च्या काड्या, यार्डभर चिकटपट्टी, तितकीच दोरी आणि वर ठेवायचा एक मार्शमॅलो (मऊ गोड वडी) देऊन अठरा मिनिटांत मनोरा उभा करायला लावणारा सुप्रसिद्ध खेळ गटाला लवकर तपासून पाहण्याची सवय खरोखर लावतो. पण ती सवय महिनाभरात विरते. उद्योजकतेला असा छोटा मार्ग नाही, कारण खऱ्या ग्राहकाचे उत्तर यायला तीन आठवडे लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या, संशोधकांना ग्राहक शोधायला शिकवणाऱ्या आय-कोर कार्यक्रमात संघांनी सात आठवड्यांत शंभर मुलाखती घ्याव्यात अशी अपेक्षा असते. पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडून बारा झाल्या तरी मी समाधानी असतो. दुसरे टोक फिनलंडमधील युवास्कुला येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या तीमीअकादमीचे, जिथे विद्यार्थी वर्गात बसण्याऐवजी स्वतःच्या सहकारी कंपन्या चालवतात. ते आकर्षक आहे, पण त्यासाठी संपूर्ण पदवीचा साचा बदलावा लागतो. पंचेचाळीस तासांत त्याची नक्कल करू नये.

मूल्यमापन हा दोन्हींचा खरा कच्चा दुवा आहे. डिझाइन थिंकिंगमध्ये प्रक्रियेच्या वहीला गुण दिले की रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेल्या भिंतींचे फोटो येतात, आणि त्यांतल्या किती चिठ्ठ्या मुलाखतींतून आल्या व किती आदल्या रात्री लिहिल्या गेल्या हे ओळखता येत नाही. उद्योजकतेत विक्रीला गुण दिले की ज्याच्या घरच्यांच्या ओळखी मोठ्या, तो पहिला येतो. एका वर्षी मी हीच चूक केली आणि जिने सर्वांत जास्त शिकून घेतले होते ती मुलगी तळाशी राहिली. आता दोन्ही भागांना मी एकच निकष लावतो: विद्यार्थ्याने दर पंधरवड्याला एक पान लिहायचे, त्यात आपण काय मानत होतो, काय पाहिले किंवा ऐकले, आणि त्यामुळे नेमके काय बदलले, एवढेच. काहीच बदलले नसेल तर का नाही, तेही लिहायचे. तपासायला वेळ लागतो, पण ही पाने सजवता येत नाहीत.

निवड करताना

वरील सगळे धरून पाहता, डिझाइन, वास्तुरचना, वस्त्र अशा शाखांत मी पंचेचाळीसपैकी दहा तास निरीक्षण-मुलाखतीला आणि उरलेले उद्योजकतेला देईन. रंगमंच, संगीत, लेखन यांच्यासाठी पंधरा तास डिझाइन थिंकिंगला, तेही भोवतालच्या व्यवस्थेपुरते, आणि बाकीचे करार, हक्क व हातातल्या साधनांच्या यादीला. खेळनिर्मिती आणि डिजिटल सेवांच्या शाखांत मात्र निम्मे-निम्मे वाटणे योग्य ठरू शकते, कारण तेथे वापरणाऱ्याची अडचण आणि धंद्याचे गणित एकाच पडद्यावर दिसते. शिकवणारा कोण उपलब्ध आहे, हेही पाहावेच लागते: डिझाइन थिंकिंग स्टुडिओतला चांगला शिक्षक थोड्या तयारीने शिकवू शकतो, पण दरपत्रकाचा तास ज्याने स्वतः कधी बिल वसूल केलेले नाही त्याच्याकडे देऊ नये.

एक व्यावहारिक सूचना. हा विषय शेवटच्या सत्रात ठेवू नये; तेव्हा अंतिम प्रकल्प सगळा वेळ खातो आणि बारा मुलाखती तीनवर येतात. उमेदवारीला (इंटर्नशिपला) जाण्याच्या आधीच्या सत्रात तो ठेवला, तर विद्यार्थी पहिल्या खऱ्या कराराची प्रत हातात घेऊन परत येतो, आणि त्या प्रतीवर पुढचा तास घेता येतो.