थकवा असताना कोणता व्यायाम? चालणं, योगासनं, हलकी वजनं आणि पाण्यातला व्यायाम

रजोनिवृत्तीच्या आसपास, चाळिशी-पन्नाशीत बायकांना येणारा थकवा सगळ्यांचा सारखा नसतो. कुणाची झोप रात्रीच्या घामाने तीनदा मोडते, कुणाचे पाय जिना चढताना जड होतात, कुणाचे गुडघेच साथ देत नाहीत. म्हणून "सगळ्यात चांगला व्यायाम कोणता" हा प्रश्न सोडून आपला थकवा कशातून येतो ते आधी पाहा. निवड निम्मी तिथेच होते.

त्याआधी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व, साखर. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत पाळीचा रक्तस्राव पुष्कळदा वाढतो आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, खाली गेलेला असू शकतो. ती तूट व्यायामाने भरत नाही. छातीत दुखणं, थोड्याशा श्रमाने धाप लागणं, चक्कर येणं किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, यांपैकी काही असेल तर व्यायाम थांबवून आधी दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट. थोडंसं काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पार कोसळतं आणि सावरायला कित्येक दिवस लागतात, असं वारंवार होत असेल तर हा आढावा तुमच्यासाठी नाही. तो दीर्घ थकव्याचा वेगळा आजार असू शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने अशा रुग्णांना व्यायाम ठरावीक गतीने वाढवत नेण्याचा सल्ला देणं २०२१ साली बंद केलं.

चालणं

सुरुवातीला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. सपाट रस्ता, १० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. सकाळच्या उजेडात चाललात तर शरीराचं घड्याळ जाग्यावर यायला आणि रात्रीची झोप सुधारायला मदत होते. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटंच वाढवा.

बिघडतं ते बहुतेक वेळा चांगल्या दिवशी. अंगात जोर वाटला म्हणून ४० मिनिटं चालायचं आणि पुढचे तीन दिवस पडून राहायचं, या चक्रात थकवा वाढतच जातो. टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखत असेल तर झिजलेले बूट बदला आणि कडक फरशीवर अनवाणी वावरणं थांबवा. चालण्याची खरी मर्यादा अशी की हात, खांदे आणि पाठ यांना त्यातून फारशी ताकद मिळत नाही.

योगासनं

झोप मोडलेली असेल, मन तणावात असेल तर संथ योगाभ्यास चालण्यापेक्षा उजवा. संध्याकाळी २० मिनिटं पुरेत: मार्जारासन (हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं) सहा वेळा, सेतुबंधासनात (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) पाच श्वास, पाय भिंतीला टेकवून पाच ते आठ मिनिटं, शेवटी शवासन. वेगवान सूर्यनमस्कारांच्या वर्गात जाऊन "योगाने आणखी दमायला होतं" म्हणणाऱ्या बायका खूप असतात. तो या कामाचा वर्गच नव्हे.

मनगटं दुखत असतील तर मार्जारासन मुठींवर किंवा खुर्चीच्या बैठकीवर हात टेकून करा. हाडं ठिसूळ झाली असतील तर पश्चिमोत्तानासनासारखे खोल पुढे वाकण्याचे आणि जोरात पीळ देण्याचे प्रकार टाळा, मणक्यावर दाब येतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत.

हलकी वजनं

बायका हाच प्रकार सोडून देतात आणि खरं तर याचीच गरज जास्त असते. तिशीनंतर दर दशकात सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्यावर हाडांची झीजही वेगाने होते. मांडीत ताकद कमी असेल तर तोच जिना चढताना तिच्यातला मोठा वाटा खर्च होतो. ताकद वाढली की तेच काम कमी थकवतं. विश्रांतीने हा फरक पडत नाही.

चार हालचालींत काम भागतं. खुर्चीतून उठबस: पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, थोडं पुढे झुकून उठा, बसताना मनात तीन मोजा. जड जात असेल तर बैठकीवर उशी ठेवा. भिंतीवर दंड: हात खांद्याच्या उंचीवर, पावलं भिंतीपासून हातभर लांब. एक लिटरची भरलेली बाटली, म्हणजे साधारण एक किलो, हातात धरून वाकल्या स्थितीत कोपर मागे खेचणं. दुसरा हात टेबलावर टेकलेला असू दे. आणि ओट्याला धरून टाचा उचलणं.

प्रत्येकी आठ वेळा, एकच फेरी, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. अजून दोन वेळा जमेल असं वाटत असतानाच थांबा. १२ वेळा सहज होऊ लागलं की उशी काढा, बाटली मोठी घ्या. वर्षभर त्याच बाटलीवर राहिलात तर स्नायूंना वाढायचं कारणच उरत नाही. जोर लावताना श्वास सोडा. रोखून धरला तर रक्तदाब चढतो आणि ओटीपोटावर दाब येऊन लघवीचे थेंब गळू शकतात. स्नायू दुखले तर एक ते तीन दिवसांत ओसरतात. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर मात्र ती हालचाल बदला.

पाण्यातला व्यायाम

गुडघे, टाच किंवा जास्त वजन आड येत असेल तर हा पर्याय पहिला. कमरेइतक्या पाण्यात पायांवरचा भार जवळपास निम्मा होतो, छातीइतक्या पाण्यात त्याहून बराच कमी. अंग तापल्यासारखं होणाऱ्यांनी मात्र गरम पाण्याचा तलाव टाळावा. पाण्यात श्रम जाणवत नाहीत, बाहेर येताच अंग शिशासारखं जड होतं. म्हणून पहिल्या दिवशी १५ मिनिटंच. जाणं-येणं, कपडे बदलणं, केस वाळवणं हेही त्या दिवसाच्या ताकदीतूनच जातं, ते हिशेबात धरा. भारच कमी असल्याने हाडांना मात्र यातून फारसं मिळत नाही.

निवड कशी करावी

मोडलेली झोप असेल तर सकाळी चालणं आणि संध्याकाळी योग. जिन्यावर पाय जड होत असतील तर दोन आठवडे चालून लगेच वजनं सुरू करा. सांधे दुखत असतील तर पाण्यापासून सुरुवात, आणि सहा-आठ आठवड्यांनी खुर्चीतली उठबस जोडा. एकच निवडायचा असेल, तर बहुतेक जणींना आम्ही वजनंच सांगू. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. तिथे पोचायला सहा महिने लागले तरी चालतील.

मात्रा बरोबर आहे का ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. नेहमीइतकंच किंवा थोडं बरं वाटलं तर तेवढंच चालू ठेवा. नेहमीपेक्षा जास्त दमलेलं वाटलं तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करा. ताप किंवा आजारपणानंतरही परतताना पूर्वीच्या निम्म्यानेच सुरुवात करा.