समुद्राकाठच्या बागेला कोस्ट वॉटल लावावी की दुसरं काही?

फ्रँकस्टन, सीफोर्ड, मॉर्डियालॉक. मेलबर्नच्या या पूर्व किनाऱ्यावर घर घेतलं की वर्षभरात दोन गोष्टी ध्यानात येतात. बाग म्हणून मिळालेली जागा म्हणजे निव्वळ राखाडी वाळू, आणि पोर्ट फिलिप उपसागरावरून येणारा खारा वारा कढीपत्त्याच्या कुंडीला नीट जगू देत नाही. मग शेजारपाजारचं कोणीतरी सांगतं, "कोस्ट वॉटल लावा, मरायची नाही." सल्ला खराच आहे. फक्त ती जशी मरत नाही तशी एका जागी थांबतही नाही, हे सांगायचं राहून जातं.

माझं मत आधीच सांगून टाकते. जागा ऐसपैस, माती खरोखर वाळूची आणि दर वर्षी कात्री हातात घ्यायची तयारी, या तिन्ही गोष्टी असतील तर कोस्ट वॉटल लावा. एकीतही कमी पडत असाल तर कोस्ट रोझमेरी बरी. घराला दहा-वीस वर्षांनी सावलीचं झाड हवं असेल तर कोस्ट बँक्सिया. आणि कुंपणाच्या सावलीत, जिथे बाकी काही टिकत नाही तिथे, कॉरिया अल्बा. चौघीही ऑस्ट्रेलियाच्याच, चौघींना खारा वारा चालतो. फरक पुढे कळतो.

जागा किती खाते

कोस्ट वॉटल म्हणजे अकेशिया लॉन्जिफोलियाची किनारी उपजात, सोफोरी. आपल्या बाभळीच्या कुळातली, पण काटे नाहीत. उंची फार तर तीन मीटर, पसारा मात्र चार-पाच मीटर आणि कधी त्याहूनही जास्त. पुळणीवर तर तिच्या आडव्या पसरलेल्या फांद्या वाळूखाली गाडल्या गेल्या की तिथेच मुळं धरतात आणि झुडूप पुढे सरकतं. वाळू धरून ठेवायला याहून चांगली सोय नाही. सहा मीटर रुंदीच्या मागच्या अंगणात मात्र हाच गुण तुमच्या कपड्यांच्या दोरीपर्यंत येऊन पोचतो.

वेग हे तिचं खरं बळ आहे. दोन-तीन वर्षांत माणसाच्या उंचीचा आडोसा तयार होतो. बँक्सियाला इतकी घाई नसते. पण बँक्सिया झाड होते, दहा-पंधरा मीटरचं सहज होऊ शकतं, आणि शंभर वर्षंही जगते. वॉटल साधारण दहा ते वीस वर्षांत म्हातारी होते, मधून विरळ पडते, खोडाला भुंगेरे लागतात. भाड्याच्या किंवा पाच वर्षांत विकायच्या घरात हा मुद्दा गौण आहे. स्वतःच्या कायमच्या घरात नाही.

कोस्ट रोझमेरी, म्हणजे वेस्ट्रिंजिया फ्रुटिकोसा, दीड-दोन मीटरवर थांबते आणि कापाल त्या आकारात राहते. स्वयंपाकातल्या रोझमेरीशी हिचा संबंध फक्त दिसण्याचा आणि कुळाचा, तेव्हा बटाट्यांवर घालू नका. पांढरी बारीक फुलं जवळजवळ वर्षभर असतात. कॉरिया अल्बाही एक-दोन मीटरचीच, पानं करडी-हिरवी आणि गोलसर, फुलं पांढरी, ताऱ्यासारखी. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही आणि हीच तिची खासियत: लावा आणि विसरा.

वारा अडवायचा तर कुठून

आडोसा म्हणून विचार करत असाल तर झुडपाची निवड नंतर, दिशा आधी. भारतातून आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. त्यामुळे उंच झुडपं उत्तरेला लावली तर जून-जुलैत मेथीचा वाफा आणि मिरच्यांच्या कुंड्या दिवसभर सावलीत जातात. रांग पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला धरा. वाराही तिकडूनच येतो, ऊनही फारसं अडत नाही.

वाऱ्यापुढे भक्कम भिंतीपेक्षा सच्छिद्र झाडोरा चांगला. भिंतीवर आपटलेला वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो, झुडपातून गाळलेला वारा मात्र मंदावतो, आणि हा परिणाम आडोशाच्या उंचीच्या पाच-दहा पट अंतरापर्यंत जाणवतो. म्हणजे दोन मीटरची वॉटल साधारण नेहमीच्या उपनगरी अंगणाला पुरते. मीठ अंगावर घेण्यात वॉटल आणि बँक्सिया दोघी अव्वल. वॉटलची पानं जाड, चामड्यासारखी. बँक्सियाची वरून गडद हिरवी आणि खालून पांढऱ्या लवीची, वारा सुटला की अख्खं झाड रंग बदलतं. अगदी समुद्रासमोर पहिल्या रांगेत प्लॉट असेल तर या दोघींनाच पुढे उभं करा आणि रोझमेरी त्यांच्या पाठीशी.

खरं तर दोघींत निवडायलाच हवं असं नाही. वॉटल आणि बँक्सिया एकदमच लावायच्या, दोन-अडीच मीटर अंतरावर. पहिली काही वर्षं वॉटल वारा खाते, तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि तिच्या आडोशाला बँक्सिया सावकाश उभी राहते. वॉटल थकेल तेव्हा ती काढून टाकायची. मोठ्या प्लॉटसाठी मला याहून चांगली मांडणी माहीत नाही.

माती, आणि वेरिबीकडची मंडळी

मेलबर्नमधली बरीच मराठी कुटुंबं मात्र पॉइंट कुक, टार्नीट, वेरिबी या पश्चिमेकडच्या भागात आहेत. पॉइंट कुकही समुद्राकाठीच, म्हणून कोस्ट वॉटल तिथेही चालेल असा समज होतो. जमीन वेगळी आहे. तिकडे बेसॉल्टवरची चिकण माती आहे, आपल्या देशावरच्या काळ्या रानाची आठवण यावी अशी: पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. वाळूत वाढलेल्या वॉटलला निचरा हवा. तिथे लावायचीच तर अर्ध्या मीटरचा उंचवटा करून त्यावर लावावी लागेल, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्याच उंचवट्यावर रोझमेरी सुखाने राहील.

खताच्या बाबतीत आपला हात सैल असतो. शेणखत मिळालं नाही तर कोंबडीखत, तेही मुठी-मुठीने. बँक्सियाला याने मारता येतं. ऑस्ट्रेलियाच्या स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेल्या जमिनीत जगायला तिने झुबकेदार बारीक मुळं काढलेली असतात, आणि ती मुळं मिळेल तेवढा स्फुरद ओढून घेतात, गरजेपेक्षा जास्त असला तरी. पानं पिवळी पडून कडेने करपतात. पाकिटावर 'ऑस्ट्रेलियन देशी झाडांसाठी' लिहिलेलं कमी स्फुरदाचं खत घ्या, नाहीतर काहीच घालू नका. वॉटलला तर खताची गरजच नाही.

फुलं, पक्षी आणि दम्याची शंका

वॉटलची पिवळी फुलं ऐन हिवाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये येतात. लांबट, बोटाएवढे तुरे. बाग उदास असण्याच्या दिवसांत हा पिवळा रंग मोठाच आधार. एक सप्टेंबरला इथे वॉटल दिन असतो, मात्र राष्ट्रीय फूल म्हणून १९८८ साली जाहीर झाली ती गोल्डन वॉटल, आपली ही नव्हे. मध हवा असेल, म्हणजे अंगणात लॉरिकीट आणि वॉटलबर्ड यावेत असं वाटत असेल, तर बँक्सिया घ्या. वॉटलच्या फुलात मध नसतो. पक्षी येतात ते किडे आणि बिया टिपायला.

आई-वडील इथे आले की "त्या पिवळ्या फुलांनी दमा होतो" हे वाक्य कुठूनतरी ऐकून येतात. वॉटलचे परागकण जड आणि पुंजक्याने चिकटलेले असतात, वाऱ्यावर फार लांब जात नाहीत. कोणालाच त्रास होत नाही असं नाही. पण मेलबर्नमध्ये खरी भीती रायग्रास गवताची, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली. २१ नोव्हेंबर २०१६ च्या वादळात दहा जण दम्याने गेले ते याच गवताच्या परागकणांमुळे. तोवर वॉटलचा बहर संपलेला असतो.

मुख्य हरकत

आता ज्यासाठी मी हात आखडता घेते ते. वॉटलच्या बिया कठीण कवचाच्या असतात आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. घरी पेरायच्या असतील तर उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवाव्या लागतात, इतकं कवच चिवट. झाड गेलं तरी बियांचा साठा जात नाही. पश्चिम व्हिक्टोरियात, पोर्टलंडच्या बाजूला, हीच किनारी वॉटल पुळणी ओलांडून आतल्या झुडुपी माळरानात शिरली आणि तिथल्या लोकांना ती तण म्हणून उपटावी लागते. तिची मूळ जात दक्षिण आफ्रिकेत आणि पोर्तुगालमध्ये वाळू धरायला नेली, ती तिथे इतकी माजली की तिला आवरायला १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेने आणि २०१५ मध्ये पोर्तुगालने ऑस्ट्रेलियातली गाठमाशी मुद्दाम आणून सोडली. ही माशी कळीतच अंडी घालते. फुलाऐवजी हिरवी टणक गाठ येते, म्हणजे शेंग नाही आणि बी नाही. तुमच्याही झुडपावर अशा गाठी येतील. मेलबर्नच्या बागेत त्या हाताने खुडून टाकतात, केपटाऊनला त्याच पाहून हायसं वाटतं. ज्यांनी कोकणात रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा किनाऱ्यावरची सुरूची बनं पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

म्हणून घरामागे राखीव जंगल किंवा झुडुपी माळ लागून असेल तर वॉटल लावू नका, किमान स्थानिक पालिकेच्या तणांच्या यादीत पाहिल्याशिवाय तरी नको. लावलीत तर फुलं ओसरताच शेंडे छाटा, म्हणजे शेंगा धरायच्या आतच काम होतं. छाटणी हिरव्या भागातच थांबवा, जुन्या उघड्या लाकडापर्यंत कापलं तर ती परत फुटत नाही. रोझमेरीला मात्र हलकेच कधीही कापा.

आपोआप उगवलेलं रोप ओळखणं सोपं आहे. पहिली दोन-चार पानं अगदी बाभळीसारखी, बारीक पर्णिकांची असतात. मग देठ रुंद होत जातो, टोकाला अजून चिमुकली बाभूळ लटकलेली, आणि त्यानंतर पर्णिका येणंच बंद होऊन नुसते चपटे देठ पानाचं काम करतात. या अवस्थेत दोन बोटांनी उपटून येतं. एका उन्हाळ्यानंतर फावडं लागतं.

टी-ट्री, म्हणजे किनाऱ्यावरचं आणखी एक इथलंच झुडूप, आवारात आधीपासून असेल तर राहू द्या, नवी लावण्याचं कारण मला दिसत नाही. आणि दुकानात 'वेस्टर्न कोस्टल वॉटल' अशी चिठ्ठी दिसली तर घेऊ नका. ती अकेशिया सायक्लॉप्स, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि साऊथ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची. बियांभोवती लाल-केशरी वळसा असतो, तो पक्ष्यांना आवडतो आणि बी कुठल्या कुठे जातं.

कोकणातल्या घरासाठी इथून बी नेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडा. तिथल्या वाळूला मर्यादवेल, वाऱ्याला उंडी, भेंड आणि करंज केव्हापासून आहेत.

घ्यायचं ठरलं तर

मोठ्या कुंडीतलं झाड घेऊ नका. चार-पाच डॉलरचं लहान नळीतलं रोप वाळूत लवकर मूळ धरतं आणि दोन वर्षांत मोठ्या कुंडीतल्याला गाठतं. शक्यतो स्थानिक देशी रोपवाटिकेतून घ्या, तिथे जवळच्याच किनाऱ्यावरच्या बियांपासूनची रोपं मिळतात. फ्रँकस्टन पालिकेची अशी रोपवाटिका सीफोर्डमध्ये आहे. किनाऱ्यावरच्या सार्वजनिक जागेतून फांदी किंवा शेंगा तोडून आणायच्या नाहीत, त्याला परवानगी लागते.

लावायची वेळ एप्रिल-मे, हिवाळ्याचा पाऊस सुरू व्हायच्या आत. कोरडी वाळू पाणी अंगाला लावून घेत नाही, वर ओतलेलं बाजूने निघून जातं. म्हणून खड्डा आधी दोनदा भरून जिरू द्या, मग रोप ठेवा, भोवती लाकडाचा भरड भुसा पसरा, बुंध्याला मात्र टेकू देऊ नका. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण खोलवर पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यात चाळीस अंशांचा दिवस आला तरच. तिसऱ्या वर्षीही पाणी द्यावं लागत असेल तर जागा चुकली आहे, तिथे कॉरिया लावून पाहा.