पिनियन योक बदलून 8 महिने झाले, सीलवर घालवलेले पैसे अजून डोक्यातून जात नाहीत

मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) गळतोय आणि तेल अडवणारं सील बदलून बदलून कंटाळलात तर आधी योक बघा, म्हणजे पुढून येणारा शाफ्ट डिफरन्शियलच्या पिनियनला (आत जाणाऱ्या गिअरला) जिथे जोडतो तो तुकडा. मी तीन सील घालवल्यावर बघितला.

गाडी जुनी डिझेल, मागच्या चाकांना ड्राइव्ह, 1 लाख 40 हजार किमी झालेले. पावसाळ्यात पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी गिअर ऑइलचे थेंब पडलेले असायचे, आणि योकच्या बरोबर वर पत्र्याला काळा आडवा पट्टा, म्हणजे योक फिरताना तेल उडत होतं. गॅरेजवाल्याने सील बदललं, दीड महिन्यात परत गळती, परत सील, दसऱ्याला तिसरं. दरवेळी हजाराच्या वर खर्च आणि दरवेळी एकच उत्तर, सील डुप्लिकेट निघालं साहेब. मी नाना पेठेत जाऊन दुकानदाराशी भांडून आलो, त्याचं आता वाईट वाटतं कारण त्याची काहीच चूक नव्हती.

चौथ्या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो आणि शेजारीच उभा राहिलो. त्याने आधी शाफ्ट आणि योक दोन्हीवर पांढऱ्या रंगाची खूण केली, तसाच परत बसला पाहिजे नाहीतर बॅलन्स जाऊन गाडी थरथरते. क्रॉसच्या (शाफ्ट आणि योक जोडणाऱ्या सांध्याच्या) वाट्या सुटून आतल्या सुया सांडू नयेत म्हणून टेप गुंडाळली. मग योक काढून पुसला आणि म्हणाला, काका, इथे नख फिरवा. नख अडकलं! सीलचं रबर जिथे घासतं तिथे गोल खाच पडलेली. नवं सील लावलं तरी त्याची कड त्याच खाचेवर बसणार आणि तेल येतच राहणार. तीन सीलच्या पैशात नवा योक आला असता हो. लेथवर घासून घ्या असं एकाने सुचवलं, पण घासलं की व्यास कमी होतो आणि सीलची पकड जाते, म्हणून नवाच घेतला. ब्रीदरही (डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारी नळी) चिखलाने बंद होता, तो बंद असला की आत प्रेशर होऊन तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. तो साफ करायला एक रुपया लागत नाही, पहिल्या गॅरेजमध्ये कुणी बघितलाच नव्हता.

पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना सांगत होतो की बाजारातला योक घेऊ नका, कारण 60 च्या पुढे घूं असा आवाज यायला लागला आणि खेड शिवापूरहून आल्यावर पिनियनच्या बाजूला हात ठेववत नव्हता. ते मत मी बदललंय, चूक योकची नव्हती. बसवताना गॅरेजमधल्या पोराने योकचा नट एअर गनने आवळला होता. आतली क्रश स्लीव्ह (दोन बेअरिंगमधली दबणारी नळी) त्या नटानेच दबते आणि त्यावर बेअरिंगचा ताण ठरतो, एकदा जास्त दबली की नट सैल करून उपयोग नाही, ती नवीनच टाकावी लागते. परत उघडून नवी स्लीव्ह, नवा नट, स्प्लाइनला (योकच्या आतल्या दात्यांना) थोडं सीलंट, कारण तिथूनही तेल झिरपतं, आणि या वेळी मेकॅनिकने स्वतः थोडं थोडं आवळत, दरवेळी पिनियन हाताने फिरवून बघत बसवलं. दुसऱ्यांदा मजुरी त्याने घेतली नाही.

तेव्हापासून फरशी कोरडी आहे, दिवे घाट चार वेळा झाला, आवाज नाही. रिव्हर्स टाकताना टक् होतं ते मागच्या क्रॉसचं, त्याचं एक ग्रीस निपल बुजलंय, ते या रविवारी बदलणार.