कतानाची मूठ खुळखुळते: सेप्पा बदलावा, मेख बदलावी की मूठच नवी करावी?

आपल्याकडच्या जुन्या तलवारीची मूठ पात्याला लाखेसारख्या लुकणाने कायमची चिकटवलेली असते. कतानाचं, म्हणजे जपानी तलवारीचं, तसं नाही. मूठ एका मेखेवर (मेकुगी) अडकते, बाकीचे लहान भाग एकमेकांना दाबून धरतात. त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो, ते आधी शोधा.

नुसता त्सुबा (पातं आणि मूठ यांच्यामधला हातरक्षक) हलत असेल तर सेप्पा, म्हणजे त्याच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या तांब्याच्या लांबट चकत्या. किंचित जाड चकती घातली की काम होतं. सगळ्यांत स्वस्त इलाज हाच. पण चकती जाडावली की मूठ तेवढीच मागे सरते आणि तिचं भोक नाकागोच्या (मुठीत जाणाऱ्या शेपटाच्या) भोकासमोरून हटतं. अर्धा मिलिमीटरही जाणवतो. मग मेख ठोकून घुसवतात नि ती चिरते.

मूठच पुढेमागे सरकत असेल तर मेख काढून बघा. मध्यावर दबल्याचा वळ किंवा उकललेले धागे दिसले की ती फेकायची. नवी कशाची? मऊ लाकडाची नकोच, जेवणाच्या काडीचा तुकडा तर मुळीच नको; आडवा मोडतो. पितळेची भक्कम वाटते आणि तिथेच फसगत होते. पितळ दबत नाही, सगळा धक्का मुठीच्या होनोकी लाकडाला बसतो, भोक लांबट होत जातं. बांबूचे धागे लांबीभर सलग असतात. तो आधी दबतो, मग उकलतो, म्हणजे वेळेत कळतं. चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं काळवंडलेला बांबू, सुसुदाके, यासाठी नावाजलेला आहे. (लढायला सज्ज होणं याला जपानीत ‘मेख ओली करणं’ म्हणतात, ते उगाच नाही.) मेख निमुळती घासा, अंगठ्याने दाबून बहुतेक आत जायला हवी, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर छोट्या हातोडीच्या हलक्या टिचकीने.

पातं म्यानात हलत असेल तर मुठीला हात लावू नका. म्यानाच्या तोंडाशी आतून लाकडाची पातळ चिपटी चिकटवा. नवी हबाकी (पात्याच्या बुडाशी बसणारी, म्यानाच्या तोंडात रुतणारी धातूची कडी) घडवण्यापेक्षा ते फार सोपं.

मूठ बदलायची ती भोक लांबटलं किंवा लाकूड तडकलं तरच. वरच्या दोरीखाली तडा दिसत नाही, म्हणून मूठ उतरवून तोंडातून आत उजेड टाका. तयार मूठ मात्र मागवू नका. प्रत्येक नाकागोचा उतार वेगळा, त्यावर बेतून कोरलेलीच बसते.