मेणाच्या सुगंधी वड्या: सोया की पॅराफिन, ज्योत की वीज, घरी की विकत

मेणाची सुगंधी वडी, म्हणजे बाजारात ‘वॅक्स मेल्ट’ या नावाने मिळणारा लहानसा तुकडा, ही वात नसलेली मेणबत्तीच होय; मात्र तिला पेटवायचे नसते, खोलगट बशीत ठेवून खालून मंद उष्णता द्यायची असते. मेण वितळते, त्यात मुरलेले सुगंधी तेल हळूहळू हवेत जाते आणि वास संपला तरी मेण जवळजवळ तेवढेच मागे राहते. निवड करणाऱ्याने ही शेवटची गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण मेणांविषयी जे वाद कानावर येतात त्यांतले बरेचसे मेणबत्तीचे आहेत आणि वडीला ते लागूच होत नाहीत.

सोया आणि पॅराफिन यांचा वाद त्यांपैकीच एक आहे. पॅराफिन हे खनिज तेलापासून निघते, तर सोया वॅक्स सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनीकरणाची क्रिया करून, म्हणजे वनस्पती तूप ज्या रीतीने घट्ट होते त्याच रीतीने, तयार करतात. मेणबत्तीसाठी त्याचा वापर 1990 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सुरू झाला. पॅराफिनची मेणबत्ती जळताना काजळी धरते, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप. पण वडीत मेण जळतच नाही, त्यामुळे हा आरोप येथे बहुतांशी गळून पडतो. ज्यांना खनिज तेलापासूनचा पदार्थ तत्त्वतः नको आहे त्यांनी सोया अवश्य घ्यावे. केवळ काजळीच्या भीतीने मात्र जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

खरा फरक पडतो तो वितळण्याच्या अंशांनी. पेल्यात ओतण्यासाठीचे मऊ सोया वॅक्स साधारण 45 ते 50 अंश सेल्सियसला वितळते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि बंद मोटारीत किंवा पार्सलच्या गाडीत त्याहून कितीतरी वर. तेथे अशा वड्या पाठवल्या तर पोचताना त्यांचा एकच गोळा झालेला असतो. उभ्या मेणबत्तीसाठीचे कडक सोया मिश्रण काही अंश अधिक सोसते, पण उन्हाळ्यात खात्रीचे म्हणावे ते पॅराफिनच. दुकानात ते अंशांवरूनच मागतात, आणि वड्यांसाठी 58-60 चे, पूर्ण शुद्ध केलेले मेण चांगले ठरते. थंड होताना ते आकसते, त्यामुळे साच्यातून वडी अलगद सुटते. मऊ सोया साच्याला चिकटून राहते, काढताना कडा तुटतात, शिवाय काही दिवसांनी वडीच्या अंगावर पांढुरके, बुरशीसारखे दिसणारे ठिपके उमटतात. ती बुरशी नसते. मेणातील स्निग्ध घटकांचे स्फटिक बनून ते पृष्ठभागावर येतात, वासावर त्याचा परिणाम होत नाही. मात्र भेट म्हणून द्यायच्या वडीला ते शोभत नाही, म्हणून सोयात गडद रंग घालू नयेत, फिक्या वडीवर हे ठिपके सहसा लपतात.

सोयाच्या बाजूने सांगण्यासारखे दोन मुद्दे आहेत. कमी उष्णतेवर वितळत असल्यामुळे ते सौम्य विजेच्या दिव्यावरही चालते, आणि सांडलेले सोया कोमट साबणाच्या पाण्याने पॅराफिनपेक्षा लवकर निघते. वासाचा जोर मात्र पॅराफिनचा अधिक जाणवतो, आणि ते मुरायलाही दोन-तीन दिवस पुरतात. सोयाच्या वड्या आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवल्यावरच त्यांचा वास नीट भरतो. दिवाळीच्या आदल्या रात्री वड्या पाडणाऱ्याने सोयाचा विचार न करणे बरे.

मधमाशांचे मेण या स्पर्धेत घेऊ नये असे माझे मत आहे. ते 62 ते 65 अंशांना वितळते, तिन्हींत महाग पडते, आणि त्याला स्वतःचा मधाळ वास असतो, जो मोगऱ्यासारख्या नाजूक सुगंधाला दाबून टाकतो. ज्यांना तोच वास हवा आहे त्यांनी त्यात दुसरे काही न घालता ते तसेच वापरावे.

मेण ठरले की सुगंधाचा प्रश्न येतो, आणि माझ्या अनुभवात बिघडते ते येथेच. पहिल्या घाण्यात मी घरातले अत्तर घातले होते. वड्या सुंदर दिसल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगाला तेलाचे थेंब सुटले आणि तापवल्यावर वास जेमतेम आला. कारण साधे होते. अंगाला लावण्यासाठी बनवलेल्या सुगंधात कोणता पातळ घटक मिसळला आहे ते गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि अल्कोहोल किंवा पाण्यात मिसळणारे द्रव मेणाशी एकजीव होत नाहीत. त्यामुळे मेणबत्तीसाठी म्हणून विकले जाणारे फ्रॅग्रन्स ऑइलच घ्यावे. त्याऐवजी वनस्पतीचे शुद्ध तेल घ्यायचे असेल तर गवती चहा, निलगिरी, लवंग, दालचिनी यांची तेले चांगली बोलतात, लिंबू-संत्र्याची मात्र फार लवकर उडून जातात. मोगऱ्याचे फूल वाफेच्या उष्णतेत आपला खरा वास गमावते, म्हणून त्याचा अर्क द्रावकाने काढावा लागतो आणि तो अतिशय महाग असतो. स्वस्त बाटलीवर ‘शुद्ध मोगरा तेल’ लिहिलेले असेल तर ते कृत्रिम आहे असे धरून चालावे. कृत्रिम म्हणजे वाईट असे नव्हे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर दोन्ही प्रकारांबाबत सारखीच सावधगिरी हवी, आणि मांजर असेल तर नैसर्गिक तेलेच अधिक जपून वापरावीत, कारण त्यांतील अनेक घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. टी-ट्री तेल तर अशा घरात नकोच. पिंजऱ्यात पक्षी असेल तर त्या खोलीत काहीच तापवू नये.

तापवण्याची साधने मुख्यतः दोन. खाली टी-लाइट, म्हणजे लहान, बुटकी मेणबत्ती, ठेवायची मातीची किंवा चिनीमातीची सुगंधदाणी स्वस्त असते, वीज गेली तरी चालते, आणि एक टी-लाइट साधारण चार तास जळते. तिची अडचण आपल्या घरांत छताच्या पंख्यापाशी येते. पंखा चालू असला की ज्योत फडफडते, बशीच्या बुडाला काजळी धरते आणि वड्यांच्या निमित्ताने टाळलेला धूर पुन्हा घरात येतो. पंखा बंद ठेवावा तर आठ महिने ते शक्य नसते. बशीही बरीच तापते, त्यामुळे वास आरंभी भपकन येतो आणि लवकर ओसरतो. विजेचा दिवा हळू तापतो आणि वास अधिक दिवस पुरवतो. 25 वॉटचा दिवा रोज चार तास लावला तरी दहा दिवसांत एकच युनिट होते, तेव्हा बिलाची चिंता नको. लहान मुले किंवा वृद्ध असलेल्या घरात मी दुसरा कोणताच पर्याय सुचवणार नाही.

अनेक घरांत विजेची कापूरदाणी आधीपासून असते आणि तिच्यात वडी टाकता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. वाटी पुरेशी खोल असेल आणि उष्णता कमी-जास्त करण्याचे बटण असेल तर टाकावी, पण कापूर आणि मेण एकत्र मुळीच तापवू नये: कापराची वाफ सहज पेट घेते. कापराचा वास वाटीला लागलेला असतो तो वेगळाच, तो पहिल्या तीन-चार वड्यांत उतरतोच.

विकत घ्याव्यात की घरी कराव्यात, याचे उत्तर तुम्ही वर्षभर किती वापरणार यावर ठरते. महिन्याला पाच-सहा वड्या लागत असतील तर विकतच्या घ्याव्यात. साचे, काटा, थर्मामीटर आणि दोन-तीन सुगंधांच्या बाटल्या यांचा खर्च इतक्या वापरात भरून निघत नाही. रोज लावणाऱ्याने किंवा सणाला वाटणाऱ्याने घरी कराव्यात. पुण्यात बोहरी आळीत साचे हाताळून घेता येतात, हा ऑनलाइन खरेदीपेक्षा फायदाच. पहिला घाणा 200 ग्रॅम मेणाचा असावा. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे धरावे, थेट गॅसवर ठेवू नये. मेण 80 अंशांच्या पुढे गेले की आच काढून त्यात 16 ग्रॅम, म्हणजे मेणाच्या 8 टक्के, तेल घालावे आणि दोन मिनिटे सावकाश ढवळावे. तेल थेंबांनी वा चमच्यांनी न मोजता वजनानेच मोजावे. दहा-दहा ग्रॅमच्या एकवीस वड्या होतात. 12 टक्क्यांच्या पुढे गेल्याने वास वाढत नाही, तेल बाहेर सुटते. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये, झाकण घालून गॅस बंद करावा. बर्फीच्या किंवा चॉकलेटच्या साच्यांचा मोह टाळावा, कारण गुलाबी, सुवासिक वडी लहान मूल तोंडात घालणारच, आणि तो साचा स्वयंपाकघरात परत जाऊही नये.

वास सरलेले मेण बदलताना ते पातळ असतानाच कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावे, किंवा गार झाल्यावर दिवा एखादा मिनिट लावून कडेने सुटलेली चकती उचलावी. ते मोरीत ओतले तर नळीत गोठते आणि मग प्लंबरला बोलवावे लागते; कपाटाचा अडकणारा खण किंवा बॅगेची चेन सरकती करायला मात्र तीच चकती घासून पाहावी.